झडीतली खिडकी

आधीच सांगते, या सदरातले गूढ अनुभव मी फक्त त्यातल्या चुका काढायला वाचते. धंदाच आहे तो माझा... हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग. कुणी म्हणालं, ‘सिस्टीम आपोआप बंद पडली,’ की माझा पहिला प्रश्न — पुन्हा बंद पाडून दाखव. नाही दाखवता आली, तर मी पुढे ऐकतच नाही. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. पण चार वर्षं झाली आणि डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

आमचा फ्लॅट बिबवेवाडीत. बाबा सरकारी नोकरीत नकाशे काढायचे. ते रिटायर झाले आणि माझा आयटीचा पगार सुरू झाला, तेव्हा आम्ही महाबळेश्वरला एक लहानसं घर घेतलं. बाजारापासून चालत वीस मिनिटं. दोन खोल्या, वर पत्रा, पश्चिमेला एक खिडकी आणि खिडकीखाली सरळ दरी. नातेवाईक खूश — मे महिन्याची सोय झाली! बाबांना नेमका याचाच राग. “मे महिन्यात येतात ते पाहुणे. आपलं घर म्हणजे बारा महिन्यांचं,” असं म्हणून ते वर्षभर स्वारगेटहून एसटी पकडायचे. थंडीत शेकोटीला, मार्चमध्ये तुती खायला आणि कहर म्हणजे भर जुलैत, जेव्हा तिथली माणसंसुद्धा खाली वाईला पाहुण्यांकडे पळतात.

पहिल्या पावसाळ्यात मी पुणेरी शहाणपणा केला होता. तिथे मे संपता संपता घरांना झडी बांधतात, म्हणजे बांबूच्या कामट्यांवर गवत बसवून केलेले भिंतीएवढे पडदे. मी म्हटलं, एवढा महागाचा वॉटरप्रूफ रंग दिलाय, वर गवत कशाला गुंडाळायचं? ऑगस्टमध्ये जाऊन बघते तर गाद्यांवर बुरशी, आणि भिंतीला हात लावला की रंग हातात. घराची देखभाल करणाऱ्या शेवंताबाई शेजारी उभ्या होत्या. “रंग लई भारी हाय, ताई,” एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षापासून बाबा स्वतः त्यांच्याबरोबर झडी बांधायला लागले. फक्त पश्चिमेच्या खिडकीपुढे ते गवतात एक चौकोन मोकळा ठेवायचे आणि त्यावर वर उचलायची झापड. पाऊस बघायला! अख्ख्या गावात असं कुणी करत नाही. शेवंताबाई दर वर्षी करवादायच्या, “गवताला खिडकी ठिवत्यात व्हय?”

मग एका एप्रिलमध्ये बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉलमध्येच त्यांचा पलंग टाकला. आता तिकडे जाणार कोण? मी ठरवलं, घर विकून टाकायचं. शेवंताबाईंना फोन केला — बाबांना बरं नाही, घर काढतोय, यंदा झडी बांधू नका, येणाऱ्याला घर नीट दिसू दे. हा फोन मी कुठून केला, तर बाबांच्याच पलंगावर बसून. जागा करायला त्यांचा पाय जरा सरकवला. पण त्यांना विचारावं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

जूनच्या शेवटी घर बघायला आलेल्या एका गृहस्थांना घेऊन वर गेले. सकाळचे अकरा वाजले होते, धुकं होतं, पाऊस होता. गाडीतून उतरून बघते तर काय... घराला चारी बाजूंनी झडी. पश्चिमेला चौकोन. वर झापड.

माझं डोकंच फिरलं. “शेवंताबाई, नको म्हटलं होतं ना मी?”

“म्या कुठं बांधली? सायेब आलं व्हतं की.”

“कोण साहेब?”

“कोण म्हंजे? तुमचं बाबा!”

मी हसले. खरंच हसले! मनात म्हटलं, घर विकलं की बाईंचं काम जाणार, म्हणून ही युक्ती. पण त्या अगदी सहज बोलत होत्या. मृगाच्या आधी साहेब ओळीनं तीन दिवस सकाळी आले. अंगात नेहमीचा तपकिरी स्वेटर. तोंडातून शब्द काढला नाही. रागावले असतील, म्हणून बाईंनीही काही विचारलं नाही. मग मलाच म्हणाल्या, “पर त्येंचा उजवा हात का ओ चालंना? समद्या गाठी डाव्या हातानं मारल्या. म्या धरू लागले तर ढकललं मला.”

मी त्यांना फक्त ‘बरं नाही’ एवढंच सांगितलं होतं. लगेच आईला फोन लावून विचारलं, तू त्यांना बाबांच्या हाताचं काही बोललीस का. ती म्हणाली, शेवंताबाईंशी बोलायला तिच्याकडे नंबरच नाही.

“आई, बाबांचा डावा हात कसा आहे?”

“आता बराय. मागे मृगाच्या सुमारास तळव्याला बारीक चिरा पडल्या होत्या. सांभाळायला येणाऱ्या मावशींना मी चांगलं सुनावलं, बांगड्या काढून हात धरत जा म्हणून. का गं?”

मी फोन ठेवला. तेवढ्यात ते गृहस्थ छत्री सांभाळत आले. “मॅडम, हे गवत काढलं तर व्ह्यू छान आहे. आम्ही काय, मेमध्येच येणार.”

“मग हॉटेलात या,” मी म्हटलं. ते उद्धट होतं, मान्य आहे.

घरी आले ती थेट पलंगाशी बसले. “बाबा, घर विकू का?” पहिल्यांदाच विचारत होते. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडेचनात. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मीही रडले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तुम्ही म्हणाल, चिरा पलंगाच्या दांड्यानं पडल्या असतील. मीही तेच म्हणते. शेवंताबाईंना कुणीतरी सांगितलं असेल. असेल! पण कुणी, ते चार वर्षांत मला सापडलेलं नाही. बाबांना मान हलवून हो-नाही सांगता येतं. एकदा धीर करून विचारलं, “तुम्ही तिथे गेला होतात का?” त्यांनी मान हलवली नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

घर विकलं नाही. श्रावणात त्यांना वर नेलं. आम्ही खुर्चीसकट त्यांना गाडीतून उतरवत होतो तेव्हा शेवंताबाई धावत आल्या. मला वाटलं, बाबांना असं बघून बाई रडणार. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“ह्या टायमाला चा घेऊन जावा, सायेब. मागल्या बारीला गाळून ठिवला, तर कवा गेलासा त्ये कळलंबी न्हाई.”

आणि बाबा हसले. अर्ध्याच चेहऱ्यानं, पण चोरी पकडल्यावर माणूस हसतो ना, तसे.