भावाच्या पिशवीतलं माझं

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आई बडोद्याच्या मांडवीतल्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावायची. एकाचंच कॉलेज परवडेल असं ठरलं, आणि तो एक अर्थातच भाऊ. त्यानं पहिल्याच वर्षी सोडलं, म्हणून मी बी.एस्सी. झाले. बडोदा संस्थानच्या फौजेत पिढ्या गेलेल्या आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. पेढे कुणी वाटले नाहीत.

पुढं भावाला रक्ताचा कर्करोग झाला. त्याला दुसऱ्या कुणाच्या, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी चढवायच्या होत्या आणि जुळल्या त्या माझ्याच. तेव्हा आई शेजारणींना सांगू लागली, "माझी लेक देणार आहे." इतक्या वर्षांत मी तिची लेक तेव्हा झाले.

आधी त्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं. हाडं नुसती ठणकायची. मग बडोद्यातल्याच इस्पितळात दोन्ही हातांत सुया. रक्त मशीनमधून फिरून परत यायचं आणि मूळ पेशी तेवढ्या पिशवीत साठायच्या. त्या कमी पडल्या. उद्या पुन्हा बसायचं होतं, पण संध्याकाळी माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेटही त्या पिशवीत गेल्या होत्या. तिकडं भावाच्या हाडांतला जुना, रोगट मगज औषधांनी मारून झालेला. थांबायला वेळच नव्हता.

गुजराती डॉक्टर मला म्हणाले, "बेन, पिशवी मशीनमध्ये सावकाश फिरवून तुमच्या प्लेटलेट वेगळ्या काढू, तुम्हालाच चढवू. मूळ पेशी भाईच्याच."

आई उसळली. "दिलेलं परत घेतात? तेही भावाला दिलेलं? त्यालाही प्लेटलेट लागतातच की!"

"त्यांना ब्लड बँकेतून देऊ, माजी," डॉक्टर आईला म्हणाले. "यांना मात्र उगाच दुसऱ्या कुणाच्या रक्ताचा धोका नको."

"कॉलेजात हेच शिकलीस का गं, भावाच्या तोंडचं काढून घ्यायला?"

"हो, हेच शिकले," मी म्हटलं. "मी रक्त ओकत बसले तर उद्या त्याला कोण देणार? तू?"

सही माझी लागणार होती. मी केली.

पिवळसर पाण्यासारख्या प्लेटलेटची छोटी पिशवी माझ्या हातात उतरत होती तेव्हा आई बाहेर आत्याला फोनवर सांगत होती, "हिनं परत घेतलं." हे वाक्य पुढं पादरा गावच्या मामांपर्यंत पोचलं. माझ्या लग्नातही मी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा प्लेटलेटचा आकडा पुरेसा वर आला. मी पुन्हा मशीनवर बसले आणि पेशी पुरल्या. भाऊ जगला.