काकाजींची वरची मूठ

आमच्या डेलनकाकाजींची मोजणी कधी एकपासून सुरू झाली नाही. धान मापताना पहिल्या मापाला ते ‘लाभ’ म्हणत, मग दोन, मग तीन. इथवर ठीक होतं, आमच्या भागातली जुनी माणसं अशीच मोजतात. पण काकाजी प्रत्येक माप ओतलं की त्यावर आणखी एक मूठ टाकत. तिला ते ‘वरची मूठ’ म्हणत. मी लग्न होऊन आमगावला आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः चहा करून दिला आणि साखरेच्या चमच्यांवर वरची मूठ घातली. तो चहा मी कसा संपवला ते माझं मला माहीत.

काकाजी म्हणजे माझे चुलतसासरे. बायको वारलेली, मुलगी रायपूरला दिलेली, त्यामुळे वेळ भरपूर आणि सल्ले त्याहून भरपूर. आम्ही नवराबायकोंनी कोंबडीखाद्याचा छोटा कारखाना काढला तेव्हा ते न बोलावता हजर झाले. राइस मिलचा कोंडा, तांदळाची कणी, मका आणि सोयाबीनची ढेप असा आमचा माल. यात कोंबडीला लागणारी दोन अमिनो आम्लं कमी पडतात, लायसीन आणि मेथिओनिन. ती पावडर विकत आणून मोजून मिसळावी लागते. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, म्हणून हे खातं माझ्याकडे.

मेथिओनिनला सडक्या मुळ्यासारखा वास येतो. काकाजींनी पहिल्याच दिवशी पोत्यात हात घालून तो हुंगला आणि मग आठवडाभर येईल त्याला हुंगवला. हे कुठून येते, कायचं बनते, एवढं महाग काऊन, हे प्रश्न रोज. मी वैतागून एकदा सगळं सांगून टाकलं. लायसीन मोठमोठ्या टाक्यांमध्ये मक्याच्या साखरेवर जंतू वाढवून तयार करतात, मेथिओनिन बहुतेक रसायनांपासून बनतं. माल परदेशातून जहाजाने येतो, तिकडे जहाज अडलं की इकडे गोंदियाच्या व्यापाऱ्याचा आवाज चढतो. याच घराण्यातली आम्लं व्यायामशाळेतल्या पोरांच्या प्रोटीनच्या डब्यात असतात, दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीत असतात, चायनीजच्या गाडीवरच्या चवीच्या पावडरीतही असतात. काकाजींनी यातलं जहाज आणि जंतू सोडून दिले. पहेलवान आणि दवाखाना तेवढे धरून ठेवले. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण काकाजींच्या डोक्यात काय मुरतंय ते बाहेरून कळायला मार्ग नसे.

पुढे खाद्य मिसळणारा माणूस काम सोडून गेला. काकाजी म्हणाले, मी आहे ना. नाही म्हणायची सोय नव्हती. मी त्यांना पावडरीचं छोटं माप दिलं, एका घाण्याला किती मापं ते तीनतीनदा सांगितलं, पाठ म्हणवून घेतलं. पाठ त्यांनी बिनचूक म्हटलं, लाभपासून.

थोड्याच दिवसांत मेथिओनिनची पोती लवकर संपायला लागली. मी गोंदियाच्या व्यापाऱ्याला फोनवर नाही नाही ते बोलले, वजनात मारतोस म्हणून. तो आपला ‘भाभीजी, काँटे पे चेक कर लो’ म्हणत राहिला. मी पोतं काट्यावर टाकलं, तर वजन चोख. मग संशय उंदरांवर गेला. उंदीर मेथिओनिन खात नाहीत हे मला कळायला हवं होतं, पण डोकं फिरलेल्या माणसाला कुठे एवढं सुचतं.

त्यातच कामठ्याहून सुरेखा आली. तिने बचत गटातून पहिलंच शेड टाकलं होतं आणि तिचं बघून गावातल्या आणखी बायका आमचं खाद्य घेणार होत्या. ती सुटली तर कामठा सुटलं, आणि कामठा सुटलं तर आमचा खाद्याचा मिक्सर विकायला काढावा लागला असता. ती ओरडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, “ताई, पाखरं खाद्यात चोच घालतेत अन् मागं सरकतेत. अंगच धरून नाई राहिले.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कारखान्यात मिक्सरजवळ जाऊन उभी राहिले. काकाजींनी माप भरलं, ‘लाभ’ म्हणून ओतलं आणि पोत्यात हात घालून वरून मूठ टाकली. दोन, आणि मूठ. तीन, आणि मूठ. नांगर धरून रुंदावलेला त्यांचा पंजा, त्यांची एक मूठ माझ्या मापाच्या दुप्पट होती.

“काकाजी, हे काय टाकून राहिले तुम्ही?”

“वरची मूठ.”

“कायले?”

“पहेलवान खाते म्हनतेस, दवाखान्यात देतेत म्हनतेस. मंग त्या पोरीच्या कोंबड्याईले मापून काऊन? आपन का दुकान लावलं हाये?”

दुकानच लावलं होतं हो आम्ही! मी त्यांना समजावून थकले. मेथिओनिन जास्त झालं की पाखराची भूकच मरते, वाढ खुंटते. ते मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, चांगल्या चीजनं कोनाचं वाईट होते? तेव्हा माझा तोल गेला. दुपारी मी त्यांच्या वाटीतल्या वरणात वरची मूठ मिठाची घातली. काकाजी ताटात टाकणारे नव्हते. पहिल्या घासाला त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून वाटी संपवली, तांब्याभर पाणी प्यायले आणि निघून गेले. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटायला लावलं म्हणून पुन्हा रागही आला.

संध्याकाळी कळलं की ते टेंपोत मापात मिसळलेलं नवं खाद्य भरून थेट कामठ्याला गेले होते. उरलेलं जुनं खाद्य परत आणलं. आणि सुरेखाच्या अंगणात बसून, गोळा झालेल्या सगळ्या बायकांसमोर, ‘खाद्य मी बिघडवलं, सूनबाईचा दोष नाही,’ असं सांगून आले. मी ‘उन्हामुळे झालं असेल’ एवढ्यावर भागवणार होते. आता आख्ख्या गावात आमच्या कारखान्याची चूक जाहीर झाली. मी कपाळाला हात लावला. सुरेखा मात्र आमच्याकडेच राहिली आणि मागाहून त्या बायकाही आल्या. याचं श्रेय काकाजींना द्यायला मी आजही तयार नाही.

त्यानंतर त्यांनी मिक्सरमध्ये कधी दाणाभर जास्त टाकलं नाही. वरची मूठ मात्र सुटली नाही. ती तयार पोत्यात जाऊ लागली. वजन करून शिवायला ठेवलेलं पोतं उघडायचं आणि मिसळलेल्या खाद्याची मूठ वरून टाकायची. त्याने कोंबडीचं नुकसान नव्हतं, माझं होतं. यावर आम्ही शेवटपर्यंत भांडलो.

गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले. जेवण तुटलं, तो रुंद पंजा नुसत्या हाडांचा झाला. गोंदियाच्या डॉक्टरने ताकदीची पावडर दिली, दुधातून एक चमचा. डब्यावर मी सवयीने घटक वाचले, तर लायसीन, मेथिओनिन, सगळी ओळखीची मंडळी. काकाजींनी डबा नाकाशी नेऊन हुंगला. “हे त आपलंच हाये,” म्हणाले.

मी दुधात एक सपाट चमचा घातला. ते भिंतीला टेकून बसले होते, मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं. माझा हात परत डब्यात गेला. हातात चमचा नव्हता, नुसती बोटं होती.

काकाजींनी हात वर केला. “नको सूनबाई. मापाच्या वर नको टाकू. तूच म्हनत होतीस ना, जास्त झालं का भूक मरते.”

एवढी वर्षं माझं एक अक्षर न ऐकणाऱ्या माणसाने नेमकं तेवढं ऐकून ठेवलं होतं. मी डबा बंद केला. त्यांनी दोन घोट घेतले आणि जन्मात पहिल्यांदा पेला अर्धा ठेवून दिला.