तळ्याकाठी मोडलेली चतुर्थी

माझी धाकटी जाऊ दर संकष्टीला उपास धरायची, तो माझ्या मुलासाठी. तिला स्वतःचं मूल नाही. मुलगा कारखान्यात वरून पडला, तेव्हापासून खाटेवरच होता. मान हलायची, बोलायचा, बाकी अंग गेलेलं. त्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, हे आम्ही दोघी जावा करायचो. सून नोकरीला जायची, तिच्यावर घर चालायचं.

आम्ही हरणीला राहतो, तिथं आमच्या सोसायटीतून दर थंडीत एक बस निघते. पावागडाच्या पलीकडं डोंगरात तळं आहे, त्याला चालत फेरी मारायची, झाडं-पक्षी बघायचे. सून म्हणाली, "रविवार आहे, मी आहे घरी. दोघी जाऊन या. जरा वारा लागू दे अंगाला." नेमकी त्या दिवशी चतुर्थी आली.

बसमध्ये ठेपले फिरले. जावेनं हात जोडले. शेजारची गुजराती बेन हसली, "तुमचा गणपती बसमध्ये पण बघतो?"

"बघतो ना. उंदराला खिडकीची जागा दिलीय मी," जाऊ म्हणाली.

सकाळी डायबिटीसची गोळी मात्र तिनं रोजच्यासारखी घेतली होती. उपास जेवणाचा, औषधाला काय त्याचं, असं तिचं म्हणणं. पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

तळं मोठं. फिरवायला आणणारे सर पुढं, गळ्यात दुर्बीण, "चालो बा, धीमे धीमे" करत. अर्धी फेरी झाली आणि जाऊ मागं पडायला लागली. बघते तर एवढ्या थंडीत घामानं निथळतेय. ओठ थरथरत होते. मला म्हणाली, "ताई, दूध तापवलं का?" आणि तिथंच गवतात बसली.

सर धावत आले. पुढं जावं तरी तेवढंच, मागं जावं तरी तेवढंच. बस पार पलीकडं, काडेपेटीएवढी दिसत होती. फोन लागेना. त्या बेननं डबा उघडला, आत गुळाची सुखडी होती. मी तुकडा जावेच्या तोंडाशी नेला. तिनं दात मिटून घेतले.

"खा."

"चंद्र नाही उगवला."

"खा म्हणते ना."

"नको ताई. पोराला बाधेल."

मी तिची हनुवटी धरली. "पोरगा कुणाचा? माझा ना? मी त्याची आई सांगते, खा. बाधायचं ते मला बाधू दे."

तिनं मग तोंड उघडलं. चावताना डोळ्यांतून पाणी चाललं होतं. थोड्या वेळानं उठली, माझ्या खांद्याला धरून उरलेली फेरी चालली.

होळीच्या आधी मुलगा गेला. ताप छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, असं पडून असलेल्या माणसाला होतं हे. जाऊ दाराला टेकून ऐकत होती. सुखडीचं तिनं काही काढलं नाही, मीही नाही.

आता उपास नाही. पण चतुर्थीला ती गोळी घेते आणि ताटासमोर नुसती बसून राहते. मी जाऊन हनुवटीला हात लावते, तेव्हा पहिला घास घेते.