पूर्ण नाव सांगा

आमच्या डेरीत कंप्युटर यायच्या आदी काम कसं चालतं ते बगाय एक सायेब आला. काय बी सांगितलं की इचारायचा, "का?" म्हणून आमी बायकांनी त्येचं नाव ठिवलं का-सायेब.

माझे मालक वारले तवा धाकटी रांगत हुती. तवापस्नं मी गडमुडशिंगीच्या डेरीत कामाला. दूध घालाय आलेल्या बायकांच्या किटल्या बगून क्लार्कला सांगायची, ही कुणाची. लिवाय-वाचाय येत न्हाय, पण किटलीच्या कडीला बांदलेला दोरा बगून समदं कळायचं. कंप्युटर येणार म्हटल्यावर क्लार्क म्हणला, "आता मशीनच सांगणार. तुझं काम संपलं, मावशे." रडून काय व्हणार? फडकं घिऊन किटल्या पुसत बसले.

बाकीचे सायेब खुर्चीत बसून बोलायचे. ह्यो माझ्या शेजारी पालथ्या कॅनवर बसायचा.

"मावशी, हा लाल दोरा का?"

"आक्काताई दोन हाईत. लाल दोरा तिखट आक्काताईचा."

"तिलाच लाल का?"

"दुसरा बांदून बगा की, मग कळंल!"

हसत हसत लिवून घेतलं. म्हणला, "खुर्चीतली माणसं काम कसं असावं ते सांगतात. कसं असतं, ते तुम्ही सांगता."

मग मशीनसाठी नावं लिवायचा दिस आला. क्लार्क खिडकीतनं म्हणला, "पूर्ण नाव सांगा." तिखट आक्काताईनं "आक्काताई" म्हटलं आन् पदर तोंडाला लावला.

"मालकाचं नाव?"

"त्येंचंच की."

"त्येंचं म्हंजे कुणाचं?"

"आमच्या घरातल्यांचं!"

मागं बाया फिदीफिदी. रांग हलंना. ऊन चढलं, दूध नासाय आलं, क्लार्क घामाघूम.

"मावशी, नाव का सांगत नाहीत?"

"सायेब, तुमची बायकू तुमचं नाव घेती व्हय?"

"घेते की. रागावल्यावर."

बाया अशा हसल्या की एक किटली लवंडली.

मग मीच खिडकीत हुबी ऱ्हायले. दोरा बगायचा, तिच्या मालकाचं नाव सांगायचं. दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला काय लागतंय? रांग सरासरा सरकली. का-सायबानं मोठ्या सायबाला सांगितलं, "मशीनला रोज नाव लागणार, ते बायका घेणार नाहीत. मशीन चालवायचं तर खिडकीवर मावशी पाहिजेतच." तसं कागदावर लिवलं बी. त्या कागदावर माझी पोरं शिकली.

का-सायेब जायच्या दिशी त्योच कागद घिऊन आला. "मावशी, तुमचंच नाव राहिलंय. पूर्ण सांगा."

बाया माझ्याकडं बगाय लागल्या. मालक जित्ते असताना न्हाय, गेल्यावर बी न्हाय, मी त्येंचं नाव कंदी तोंडातनं काढलं नव्हतं.

"लिवा," मी म्हटलं. "सोनाबाई दत्तू चौगुले."

त्येनं लिवलं. का म्हणून इचारलं न्हाय.