चरकाचं इंजिन घेऊन रायपूरला

मी रायपूरला निघाले ती हवापालटासाठी नाही. महाशिवरात्रीची जत्रा चार दिवसांवर आली होती आणि माझ्या उसाच्या रसाच्या गाडीचं इंजिन दहा मिनिटं चालून मरत होतं. आमगावच्या मिस्त्रीनं नवा कार्बोरेटर बसवला, तरी तेच. कार्बोरेटर रायपूरला भनपुरीतल्या दुकानातून आणलेला. दुकानदाराला मी फोनवर चोर म्हटलं. तो म्हणाला, इंजिन घेऊन या, बघतो.

जत्रेत देवळाच्या पायरीजवळची जागा वीस वर्षं माझी आहे. त्या दिवशी चरक फिरला नाही, तर तिथे कुल्फीवाला गोपाळ बसणार होता. तसं त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं होतं.

टाकी रिकामी करून दिवसभर उन्हात ठेवली, इंजिन सतरंजीत बांधलं आणि सकाळची गाडी धरली. दरेकशाच्या बोगद्याआधी तिकीट तपासणारा आला. गाठोड्याला पाय लागला तसा कळवळला.

"अम्मा, इसमें क्या है?"

"इंजिन."

"इंजन तो आगे लगा है."

"ते तुमचं. हे माझं."

त्यानं वाकून वास घेतला, सतरंजी उघडून रिकामी टाकी बघितली आणि पुढे गेला. डोंगरगडापर्यंत दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. बघायला बरा वाटतो. पुढे दुर्गपर्यंत सपाट, मग भिलाईची धुराडी, मग रायपूर.

माझी धाकटी बहीण सुमन बूढ़ापाऱ्यात (पारा म्हणजे वस्ती) राहते. सासरची माणसं पिढ्यान् पिढ्या इथलीच. गल्ली इतकी अरुंद, की समोरून स्कूटर आली तर एकानं कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. मी गाठोड्यासकट दोनदा चढले.

"ताई, हे डबडं काहून घेऊन आली?" सुमन म्हणाली. "मले वाटलं साडी आणली असन."

तिच्या नातीला मराठी कळते, पण ती उत्तर हिंदीत देते. "बड़ी आजी, आपकी गठरी महक रही है," म्हणाली आणि गठरी अंगणात ठेवायला लावली. रात्री सुमननं फरा (तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या वळकट्या) आणि टमाट्याची चटणी केली. चटणी चांगली होती. फरा दातांना चिकटतो. माझे दात थोडेच उरलेत, म्हणून थोडाच चिकटला.

सकाळी तिनं मला बूढ़ा तलाव दाखवला. तळं मोठं आहे, पाणीही आहे. मग आम्ही दोघी ऑटोनं भनपुरीला गेलो.

भनपुरीत ट्रकच ट्रक, आणि धूळ अशी की सुमनची पांढरी ओढणी पोहोचेपर्यंत भगवी झाली. दुकानात मिस्त्री एकटाच होता, पन्नाशीचा. मालक नव्हता.

"का होगे दाई?" (काय झालं आई?)

"तुमचा कार्बोरेटर खोटा आहे, ते झालं."

त्यानं वाद घातला नाही. इंजिन पाटावर बसवलं, पेट्रोल ओतलं, झाकण लावलं, दोरी ओढली. चालू. मी म्हटलं, थांब. दहा मिनिटांत इंजिन खोकलं, दोन आचके दिले, मेलं.

"बघितलं?" मी म्हटलं.

त्यानं कार्बोरेटर उघडून बारीक भोकांतून हवा मारली, टाकीची नळी काढून बघितली, स्क्रू फिरवले. पुन्हा तेच. सुमन कानात म्हणाली, "ताई, चाल आता. त्याले भांडून काय होते?" मी त्याच्या अवजारांच्या पेटीवर बसले. बदलून दिल्याशिवाय उठणार नव्हते.

तिसऱ्यांदा मेलं तेव्हा त्यानं पेट्रोल उरलंय का बघायला झाकण फिरवलं. फुस्स झालं, टाकीनं हवा ओढून घेतली. त्यानं दोरी ओढली, इंजिन चालू. झाकण तोंडाजवळ नेऊन त्यानं नखानं खरवडलं.

"ये क्या है दाई?"

"हळदकुंकू. दसऱ्याचं."

दसऱ्याला मी चरकाची, कोयत्याची, इंजिनची पूजा करते. हात सढळ आहे माझा. नवा कार्बोरेटर बसवल्यावर पुन्हा एकदा केली, त्याच झाकणावर.

"पूजा ठीक है," मिस्त्री म्हणाला, "पर मशीन की नाक काहे बंद कर दिए?"

झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी तिथून हवा आत जावी लागते. भोक बुजलं की पेट्रोल उतरत नाही. झाकण उघडलं की हवा शिरते, म्हणून पुढची दहा मिनिटं बरी जातात. त्यानं तारेनं भोक मोकळं केलं.

"पुराना कार्बोरेटर किधर है?"

"भंगारात घातला."

"वो भी अच्छा था."

सुमन ओढणीत तोंड घालून हसून राहिली होती. मिस्त्रीच्या हवेच्या मशीनवरही कुंकू होतं, पण पोटावर, जिथे भोक नव्हतं. तासभर इंजिन चाललं. मी पेटीवरून उठले. मालकाला मी चोर म्हटल्याचं परत घेतलंय, असं कळवायला सांगितलं.

"हव (हो) दाई," तो म्हणाला.

रायपूर कसं आहे, असं गावात विचारतात. मी सांगते, माणसं बरी आहेत, ऐकून घेतात. मी ऐकत नाही, म्हणून मला एवढं लांब जावं लागलं.

शिवरात्रीला पहाटे गाडी घेऊन जत्रेत पोहोचले तर गोपाळनं माझ्या जागेत छत्रीची खुंटी ठोकलेली. दहा मिनिटांची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. तो मनगटावरचं घड्याळ बघत उभा राहिला. मी दोरी ओढली आणि ऊस घातला. विसाव्या मिनिटाला त्यानं खुंटी उपटली आणि एक गिलास रस मागितला.

मी म्हटलं, "रांगेत ये."