दहा हात काठ

निवेदिता पागे मानपूरच्या पुढच्या एका खेड्यात सव्वीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. शहरातल्या सुदामा नगरातून रोज बसनं जायचं, बसनं यायचं. हिंदी बोलणाऱ्या त्या गावाला त्या ‘बहनजी’. दर हिवाळ्यात सहावीच्या पोरांना घेऊन त्या नदीत उतरत, दगड उलटा करून त्याला चिकटलेले बारीक किडे दाखवत. हे आहेत तोवर नदी जिवंत, असं सांगत. गोकुल पाटीदार सहावीत होता तेव्हा त्याला ते सगळ्यांत आधी सापडायचे.

बाई रिटायर झाल्या तोवर दगडांखाली काही उरलं नव्हतं. बटाटा निघाला की लसूण, लसूण निघाला की आणखी काही. शेतं थेट पाण्याला भिडली होती आणि युरिया पोत्यांनी पडत होता. उन्हाळ्यात नदीवर हिरवा थर धरायचा, वास मारायचा. बाई दर मंगळवारी जाऊ लागल्या. पाणी बाटलीत भरून तपासायचं आणि दारोदार सांगायचं, काठाचे दहा हात सोडा, तिथं खस लावा, म्हणजे आपला वाळा. शेतातून वाहून येणारं खत तो अडवेल. लोक चहा पाजत आणि विषय बदलत.

“आई, या वयात कशाला ही झंझट?” मुलगा मानस म्हणायचा.

ऐकलं एकट्या गोकुलनं. वडिलांची मनधरणी करून त्यानं काठ सोडला. तिसऱ्या हिवाळ्यात त्याच्या काठाशी, एका दगडाखाली, दोन किडे दिसले. त्या दिवशी बाई बसमध्ये एकट्याच हसत होत्या.

मग गोकुलचे वडील गेले. वाटण्यांत नदीकडचा तुकडा धाकट्या भावाला, कन्हैयाला मिळाला. त्यानं एका दुपारी ट्रॅक्टर घालून सगळा वाळा उपटून टाकला. पुढच्या आठवड्यात गोकुलचा फोन आला, “बहनजी, इस मंगल को मत आना.”

त्या गेल्याच. काठावर गोकुल टोपलीत मेलेले मासे भरत होता.

“कन्हैया ने कीड़े मारने की दवाई की टंकी नदी में धो दी,” तो मान वर न करता म्हणाला. “आपके आने से पहले उठा लेना था.”

बाईंनी पदर खोचला. दोघांनी खड्डा करून मासे पुरले. बोटाएवढी पिल्लंही होती त्यांत. हात धुवायला बाई सवयीनं पाण्याकडे वळल्या आणि थबकल्या. गोकुलनं आपल्या बाटलीतलं पाणी त्यांच्या हातांवर ओतलं.

“मैं शिकायत लिखूँगी, गोकुल.”

“लिखिए. बस, भाई का नाम मत डालना. माँ उसी के पास रहती है.”

बाईंनी दोन दिवस विचार केला. नावाशिवाय अर्जाला कोण विचारतं? शेवटी त्यांनी नाव घातलं. प्रदूषण खात्याचे साहेब आले, पाण्याचे नमुने घेऊन गेले, जाताना कन्हैयाला चारचौघांत झापलं. अहवाल अजून आलेला नाही. कन्हैयानं मात्र दुसऱ्याच दिवशी गोकुलला दार बंद केलं. आईलाही भेटू देईना.

पुढच्या मंगळवारी बाई आधी गोकुलकडे गेल्या. माफी मागायची होती. बायको उंबरठ्यावरच उभी राहिली.

“घर पे नहीं हैं, बहनजी.”

अंगणात त्याची मोटारसायकल होती. आत कोणीतरी खोकलं. बायकोची नजर खाली गेली.

“कोई बात नहीं, बेटा,” बाई म्हणाल्या आणि वळल्या. त्या दिवशी त्या नदीवर गेल्या नाहीत.