सहा इंचांची काळी तार

फेब्रुवारीतला तिसरा गुरुवार. टेबलावर चौदा हजार चारशे रुपयांचे चार इलेक्ट्रॉनिक स्विच, सिलिकॉन कार्बाइडचे. हजर तिघे: मी, इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर बनवणाऱ्या चाकणच्या या कंपनीचे मालक आणि त्यांचे टेस्टिंगचे फोरमन. गुरुवारी इथे सुट्टी असते. शेजारच्या कारखान्यातले पत्रा दाबायचे प्रेस बंद, वीज स्थिर, म्हणून नाजूक मोजणी त्याच दिवशी.

मी सत्तेचाळीस वर्षांचा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक. वीस वर्षं भोसरीत इन्व्हर्टरवर काम केलं, मग पीएचडी. फेलोशिपचं दुसरं वर्ष मालकांच्या सहीवर अडलं होतं, आणि सहीसाठी त्यांची एकच अट होती: स्विच आठशे व्होल्टवर टिकला पाहिजे.

स्विच बंद होताना त्याच्यावर क्षणभर जास्त व्होल्टेज चढतं. त्याची मर्यादा बाराशे. आम्ही ॲक्रिलिकच्या पत्र्यामागे उभे राहून चारशेपासून चढत गेलो. सहाशेला स्कोपच्या पडद्यावर व्होल्टेजचं टोक दिसलं एक हजार चाळीसचं.

"डॉक्टर, पेशंट जातोय," फोरमन म्हणाले. ते म्हाळुंग्याचे, घरची शेती कंपन्यांत गेलेली. "आठशेला ह्यो न्हाई टिकायचा."

मालक घड्याळ बघत होते. "सर, पुढं जायचं की नाही, ते सांगा."

मी कागदावर गुणाकार केला. त्याच प्रमाणात गेलं तर आठशेला तेराशे सत्त्याऐंशी. स्विच फुटणार. नवे यायला सहा आठवडे, आणि माझी मुदत संपायला तीन.

तेवढ्यात फोरमननी लाकडी पट्टीनं व्होल्टेज मोजणाऱ्या प्रोबची काळी तार बाजूला सारली आणि पुढच्या मोजणीत टोक तीस व्होल्टनं खाली आलं. स्विच तोच, व्होल्टेज तेच.

"परत होती तिथं ठेवा."

टोक पुन्हा वर.

मी सप्लाय बंद केला. प्रोबचं टोक आणि त्याच्या काळ्या तारेचा चिमटा एकाच बिंदूला लावला, सप्लाय चालू करून सहाशेला पुन्हा मोजणी घेतली. आता पडद्यावर काहीच दिसायला नको होतं. दिसले एकशे नव्वद व्होल्ट.

जुने स्विच संथ होते; त्यांच्यासमोर ही सहा इंचांची तार कधी आड आली नाही, म्हणून वीस वर्षं मी ती तशीच लावत आलो. हे नवे इतके झटकन बंद होतात की तारच अँटेनासारखी वागते. म्हणजे नोव्हेंबरपासूनचे माझ्या वहीतले सगळे आकडे फुगलेले. त्याच आकड्यांवर मी जानेवारीत मालकांना सांगितलं होतं, टोक उतरवायला चार्जरमधले स्विच मुद्दाम संथ करा. संथ स्विच जास्त तापतो, म्हणून तळवड्याहून उष्णता बाहेर टाकणारे वीस मोठे हीट सिंक बनवून घेतले होते.

हे मालकांना सांगायलाच हवं होतं असं नाही. तार बदलून पुढे गेलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण ती वही मी रोज उघडतो.

मी सांगितलं.

फोरमन म्हणाले, "मालक, तार तर मीबी रोज तशीच लावतो."

"तुम्ही पोस्टडॉक नाही हो," मालक म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आधी हे संपवा."

तार काढून टोकाशेजारीच आखूड स्प्रिंग बसवली. सहाशेला सातशे नव्वद. सातशेला नऊशे. मग मी आठशेचं बटण दाबलं.

एक हजार दहा. तीस वेळा दाबलं. तिसांतून एकदाही एक हजार वीसच्या वर गेलं नाही.

"टिकला की वो!" फोरमन म्हणाले.

मालकांनी फेलोशिपचं पत्र पुढे ओढलं. 'एक वर्ष' खोडून 'सहा महिने' लिहिलं आणि सही केली. "वही पहिल्यापासून परत मोजा. ती बघितल्यावर पुढचे सहा. आणि ते हीट सिंक?"

मापाचे बनवलेले, परत जाणार नव्हते. ठरलं, अर्धं त्यांचं, अर्धं माझं. जीएसटीसह तेवीस हजार सहाशेचं बिल होतं. सोमवारी मी तळवड्याच्या वर्कशॉपला माझ्या खात्यातून अकरा हजार आठशे रुपये भरले आणि पावती घेतली.